उशिरा आलेले अभिजात

मराठवाड्यात साधारण १९८५ ते २००० या काळात वाढलेल्या पिढीच्या बोलण्यात 'कॅसेट' हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या वस्तूंसाठी वापरला जात असे. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते जिच्यात ऐकायची ती कॅसेट. भाड्याने आणलेल्या व्हीसीआरमध्ये सरकवायची ती कॅसेट. आणि टीव्हीला जोडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात वरून खोचायची, चालली नाही तर उपसून तिच्या दातांवर फुंकर मारायची, तीही कॅसेटच. या तिसऱ्या वस्तूत फीत नसते, एक हिरवी पट्टी आणि तिच्यावर एखादा काळा ठिपका असतो. तरीही तिला मराठीत दुसरे नाव मिळाले नाही. भाषेच्या अभ्यासकाला येथे अर्थविस्ताराचे साधे उदाहरण दिसेल. मला त्यात इतिहासाचा एक पुरावा दिसतो. नांदेड आणि लातूर या दोन शहरांत घरी पाहायचा चित्रपट आणि घरी खेळायचा व्हिडिओ गेम पुष्कळदा एकाच दुकानातून, एकाच दुकानदाराच्या हातून आले. घेणाऱ्यांच्या लेखी ती एकाच जातीची वस्तू होती.

साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे हा विषय मांडण्याचे कारण वेगळे आहे. 'अभिजात' हा शब्द आपण ज्या सहजतेने वापरतो, त्यात एक कालक्रम गृहीत धरलेला असतो. आधी मूळ कृती, मग तिचा प्रभाव, मग अनुकरण, मग विडंबन. वाङ्मयेतिहासाची पाठ्यपुस्तके याच क्रमाने लिहिली जातात. परंतु ज्या प्रदेशात या चारही गोष्टी उलटसुलट क्रमाने, कधी एकाच आठवड्यात येऊन पडतात, तेथील रसिकाचा इतिहास कसा लिहावयाचा? मराठवाड्याच्या बाबतीत शासकीय अहवालांनी एक शब्द दिलेला आहे, 'अनुशेष'. रस्ते, सिंचन, वीज यांच्या संदर्भात तो योग्यच आहे. सांस्कृतिक गोष्टींनाही आपण नकळत तोच लावतो आणि उशिरा आले म्हणजे कमी आले असे मानतो. ते मला पटत नाही.

काही तारखा पाहू. जपानमधील निन्टेन्डो ही मुळात पत्ते बनविणारी, १८८९ साली क्योटोत स्थापन झालेली कंपनी. तिचे 'फॅमिली कॉम्प्युटर' हे घरगुती यंत्र जुलै १९८३ मध्ये बाजारात आले. 'सुपर मारिओ ब्रदर्स' सप्टेंबर १९८५ मधला. कोनामी कंपनीचा 'काँट्रा' १९८७ मध्ये नाणे टाकून खेळण्याच्या यंत्रावर आणि १९८८ मध्ये घरगुती यंत्रावर आला. नामको कंपनीचा 'बॅटल सिटी', ज्याला आमच्याकडे सगळे नुसते 'टँक' म्हणत, तो १९८५ चा. माझ्या अनुभवात हे सर्व एकदम आले, १९९४-९५ च्या सुमारास, आणि कोणते आधीचे व कोणते नंतरचे हे कळण्याचा काहीही मार्ग नव्हता. यंत्रे मूळ कंपनीची नव्हती. त्या यंत्राच्या हुबेहूब नकला पूर्व आशियातील कारखान्यांत निघत आणि निरनिराळ्या नावांनी विकल्या जात. भारतात विकल्या गेलेल्या अशा एका संचाचे नाव 'सामुराई' होते.

या नावापाशी थोडे थांबले पाहिजे. अकिरा कुरोसावांचा 'सेव्हन सामुराई' १९५४ चा. त्याची छाया 'शोले'वर (१९७५) आहे हे आता सर्वश्रुत आहे. लातूरच्या एखाद्या मुलाचा क्रम कसा होता? आधी 'शोले'चे संवाद, तेही लग्नाच्या मांडवात वाजणाऱ्या ध्वनिफितीवरून; मग 'शोले' चित्रपट; मग 'सामुराई' हा शब्द, एका प्लॅस्टिकच्या डब्यावर; आणि पुढे पंधरा-वीस वर्षांनी, कुणाकडून तरी मिळालेल्या सीडीवर, कुरोसावा. म्हणजे मूळ कृती सर्वांत शेवटी. या मुलाला कुरोसावा पाहताना 'शोले'ची आठवण येणार. त्याच्यापुरते 'शोले' हेच पूर्वसूरी. प्रभावाच्या अभ्यासात याची नोंद कोठे करावी, हे मला अजून कोणत्याही प्रबंधात आढळलेले नाही.

चित्रपटांची वाट अधिक जुनी. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, तमाशाचे फड यांच्याबरोबर तंबूतले सिनेमेही अशा यात्रांतून फिरत. महाराष्ट्रातील या फिरत्या तंबूंवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखविला गेला. तोवर तंबूंचे दिवस जवळजवळ सरले होते. तंबूत येणारी प्रत शहरांतून झिजून आलेली असे. उड्या मारणारी दृश्ये, अचानक तुटलेले गाणे, हा चित्रपटाच्या व्याकरणाचाच भाग आहे असे आम्हाला वाटे. (पुढे फ्रेंच नवलाटेतील तुटक संकलनाविषयी वाचले तेव्हा ते फारसे क्रांतिकारक वाटले नाही, याचे श्रेय त्या झिजलेल्या प्रतींना.) १९८२ च्या आशियाई खेळांबरोबर रंगीत दूरदर्शन आले आणि त्यानंतर व्हीसीआर. एका रात्रीसाठी व्हीसीआर, रंगीत टीव्ही आणि तीन किंवा चार कॅसेटी भाड्याने आणावयाच्या आणि पहाटेपर्यंत गल्लीने जागावयाचे, ही पद्धत. तीनपैकी एक देवाधर्माचा, एक मारामारीचा आणि एक 'चांगला'. चांगला म्हणजे वडीलमाणसांना चालणारा. या निवडीनेच आमचा पहिला अभ्यासक्रम ठरला. रवी जाधव यांच्या 'बालक-पालक'मध्ये (२०१३) त्या कॅसेटयुगाचा एक धागा आला आहे. तो घडतो मुंबईच्या चाळीत. त्याच्या निर्मात्यांत मात्र लातूरचे रितेश देशमुख आहेत. लातूरच्या गल्लीतली व्हीसीआरची रात्र अजून पडद्यावर यावयाची आहे.

गेमच्या कॅसेटीची निवड कोणी केली, हा याहून रंजक प्रश्न आहे. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा संपूर्ण खेळ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये मावलेला आहे. आज मोबाईलने काढलेले एक छायाचित्रही याच्या कितीतरी पट असते. नकली कॅसेट बनविणाऱ्यास असे छोटे, जुने खेळ एकाच पट्टीवर भरणे स्वस्त पडे. म्हणून 'मारिओ', 'टँक', 'सर्कस चार्ली', 'रोड फायटर', बदकांच्या शिकारीचा 'डक हंट' हेच पुनःपुन्हा येत. वेष्टनावर '९९९९९९ खेळ' असे लिहिलेले असे आणि आत वीसेक निघत. बाकीचे तेच खेळ दुसऱ्या नावाने किंवा तिसऱ्या टप्प्यापासून सुरू होणारे. (आपल्याकडच्या काही 'समग्र वाङ्मया'ची रचना याहून फार वेगळी असते असे नाही.) याउलट 'द लेजंड ऑफ झेल्डा'सारखा (१९८६) दीर्घ, वाचायला लावणारा खेळ आमच्याकडे फिरकलाच नाही. तेथे अर्धवट राहिलेला खेळ जतन करण्याची सोय होती. अमेरिकेत विकल्या गेलेल्या त्याच्या कॅसेटीत त्यासाठी बॅटरी बसविलेली असे, आणि ती नकलेत परवडत नसे. आमच्या पिढीचा 'अभिजात' खेळांचा संग्रह ना समीक्षकांनी ठरविला ना खेळाडूंनी. तो मुख्यतः स्मृतिपट्टीच्या किमतीने ठरविला. मुद्रणाच्या खर्चाने, कागदटंचाईने, पुस्तकाच्या फर्म्यांच्या संख्येने मराठीत काय टिकले आणि काय गळले, हा प्रश्न आपण साहित्याला क्वचितच विचारतो. विचारावयास हवा.

जतन करण्याची सोय नसणे याला आमच्याकडे आणखी एक अर्थ होता. नांदेड-लातूरमध्ये भारनियमन ही काही पुढल्या शतकातली नवी गोष्ट नव्हती. वीज जाणे हा दिनक्रम होता आणि २००५ नंतरच्या काही वर्षांत तर तो वेळापत्रकासह आला. मारिओ आठव्या जगात पोहोचला आहे आणि वीज गेली, की पुन्हा पहिल्या जगातला तोच पहिला मशरूम. त्यामुळे सुरुवातीचा भाग प्रत्येकाला तोंडपाठ आणि शेवट फार थोड्यांनी पाहिलेला. शेवट पाहिलेला मुलगा तो सांगे आणि बाकीचे ऐकत. ज्यांनी शेवट पाहिला नव्हता तेही सांगत. कीर्तनात पूर्वरंग सर्वांना ठाऊक असतो आणि उत्तररंग कीर्तनकारागणिक बदलतो, त्यासारखाच हा प्रकार. 'काँट्रा'त तीस जीव मिळविण्याची कळांची सुप्रसिद्ध क्रमवारी मुळात काझुहिसा हाशिमोतो या तंत्रज्ञाने 'ग्रेडियस' या खेळाच्या घरगुती आवृत्तीसाठी, १९८६ मध्ये, स्वतःला तपासणी सोपी जावी म्हणून घातली होती. (ते २०२० मध्ये वारले.) ती क्रमवारी कोणत्याही नियतकालिकाविना, केवळ तोंडोतोंडी, वजिराबादपासून गंजगोलाईपर्यंत पोहोचलेली होती. वर-वर, खाली-खाली, डावे-उजवे, डावे-उजवे. उच्चारात बदल नाही, पाठभेद नाही. मौखिक परंपरेचे इतके शुद्ध संक्रमण मी अन्यत्र पाहिलेले नाही.

आता कथानकाविषयी. या कॅसेटींबरोबर माहितीपुस्तिका येत नसे. 'काँट्रा'च्या बाबतीत तर मूळ कथाच दोन. जपानी आवृत्तीत तो २६३३ सालात, न्यूझीलंडनजीकच्या एका काल्पनिक द्वीपसमूहात घडतो. अमेरिकेतील पुस्तिकेने तो समकालीन दक्षिण अमेरिकेच्या जंगलात आणून बसविला. वेष्टनावरचे एक चित्र तर 'प्रिडेटर' (१९८७) या चित्रपटातील श्वार्झनेगरवरून सरळ उचललेले होते. आमच्यापर्यंत यातले काहीच आले नाही. दोन माणसे आहेत, एक निळ्या विजारीचा, एक लाल. ती उजवीकडे धावतात. सगळे त्यांना मारू पाहतात. का मारू पाहतात, हे आम्ही ठरवत असू, आणि त्या वर्षी पाहिलेल्या चित्रपटांवरून ठरवत असू. म्हणून कधी ते दोघे भाऊ असत, कधी एकाच्या बापाचा खून झालेला असे. वाचकाने रिकाम्या जागा भरण्याविषयी जर्मन समीक्षकांनी जे लिहिले आहे, ते मी पुष्कळ नंतर वाचले.

नाणे टाकून खेळण्याच्या पार्लरमध्ये सर्वांत लोकप्रिय होता 'मुस्तफा'. या नावाचा खेळ जगात नाही. त्याचे खरे नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉम कंपनी, १९९३. त्यातील चार पात्रांपैकी एकाचे नाव मुस्तफा, आणि भारतभर मुलांनी खेळालाच ते नाव देऊन टाकले. नांदेडमध्ये या नामकरणाला खास चव होती, कारण देगलूर नाक्यावरच्या मुलांच्या दृष्टीने नायकाचे नाव गल्लीतलेच होते. हिंदी चित्रपटात त्या नावाचा माणूस बहुधा नायकाचा मित्र असे आणि मध्यंतरानंतर मरे. येथे तो सर्वांत चपळ होता, धावत येऊन लाथ मारत होता, आणि त्याला निवडण्यासाठी सगळ्याच मुलांत भांडण होई. यावर फार मोठा निष्कर्ष उभारण्याची माझी तयारी नाही, परंतु ही गोष्ट मला क्षुल्लकही वाटत नाही.

त्याच १९९३ मध्ये स्पीलबर्ग यांचा 'ज्युरासिक पार्क' आला आणि १९९४ मध्ये हिंदी आवाज लेवून तो भारतातल्या लहान शहरांपर्यंत पोहोचला. डायनोसॉर पडद्यावर आणि डायनोसॉर पार्लरमध्ये, असा योग. पण 'मुस्तफा'ची मूळ कथा आम्हाला ठाऊक नव्हती. मार्क शुल्ट्झ यांच्या ज्या चित्रकथेवरून हा खेळ केला, तिच्यात प्रदूषण आणि नैसर्गिक उत्पातांनी पृथ्वी उद्ध्वस्त होते, माणसे जमिनीखाली शहरे करून कित्येक शतके राहतात, आणि वर येतात तेव्हा जग प्राचीन प्राण्यांचे झालेले असते. हे मला समजले २०१० नंतर केव्हातरी, आंतरजालावर. मी नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ज्या पार्लरमध्ये हा खेळ पाहत असे ते लातूरमध्ये होते, किल्लारीपासून चाळीसेक किलोमीटरवर. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीनंतरची पहाट, चार वाजायला काही मिनिटे. हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली आणि पुढे कित्येक महिने जिल्ह्यातील लोक भीतीने घराबाहेर झोपत होते. पार्लरमधल्या काही मुलांच्या घरची माणसे त्यात गेलेली होती. जमीन फाटल्यानंतरच्या जगाची गोष्ट त्यांच्यासमोर, एका रुपयाच्या नाण्यावर, रोज चालू होती, आणि ती तशी आहे हे कोणालाच माहीत नव्हते. माहीत असते तर ती मुले खेळली असती काय? कदाचित अधिक खेळली असती. लहान मुले कोणत्या गोष्टीत काय शोधतात याविषयी मोठ्यांचे अंदाज फारसे बरोबर नसतात.

नक्कल हा शब्द येथे टाळता येत नाही. नकली यंत्र, नकली कॅसेट, चोरून काढलेली चित्रफीत: आमचे सारे सांस्कृतिक भांडवल या अर्थाने अवैध होते. त्याचे समर्थन मी करीत नाही, पण मूळ कृतींचा वंशही फारसा सरळ नसतो. मारिओ प्रथम आला १९८१ च्या 'डाँकी काँग'मध्ये. शिगेरू मियामोतो यांना तो खेळ 'पॉपाय'वर करावयाचा होता. हक्क न मिळाल्याने त्यांनी वानर, सुतार आणि तरुणी अशी त्रयी योजिली. ती 'किंग काँग'ची नक्कल आहे म्हणून युनिव्हर्सल स्टुडिओने अमेरिकेत दावा लावला आणि तो हरला, कारण त्याच कंपनीने पूर्वी एका खटल्यात 'किंग काँग'ची कथा कोणाच्याही मालकीची नाही असे सिद्ध केले होते. मराठीपुरते पाहावयाचे तर व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' (१९७२) घ्या. त्याच्यामागे श्टेर्नबर्ग यांचा 'द ब्लू एंजल' (१९३०), त्याच्यामागे हाइनरिख मान यांची १९०५ ची कादंबरी. तिसऱ्या पिढीची ही प्रत महाराष्ट्राच्या गावोगाव ज्या तन्मयतेने पाहिली गेली, तिला दुय्यम म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

आमच्याकडे उशिराने आलेल्या चित्रपटांपैकी माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा श्याम बेनेगल यांचा 'अंकुर' (१९७४). नांदेड आणि (तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेले) लातूर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. हैदराबाद हीच आमची राजधानी. 'अंकुर'मधील लक्ष्मी जी दखनी वळणाची हिंदी बोलते, ती देगलूर-बिलोलीकडच्या बाजारात आजही कानांवर येते. मुंबई-पुण्याच्या समीक्षकांनी 'अंकुर' आणि त्यानंतरचा 'निशांत' (१९७५) समांतर चित्रपटाचे टप्पे म्हणून वाचले, ते बरोबरच आहे. आमच्या आजोबांच्या पिढीने ते पाहिले असते तर देशमुखी वाड्याची ती आतली बाजू त्यांनी ओळखीचे घर पाहावे तशी पाहिली असती.

'अंकुर'च्या अखेरीस एक लहान मुलगा जमीनदाराच्या खिडकीवर दगड मारतो आणि पडदा लाल होतो. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) जब्या दगड भिरकावतो तो थेट कॅमेऱ्याच्या, म्हणजे आपल्या दिशेने. या दोन दगडांची तुलना अनेकांनी केली आहे. मला त्यात भर घालावयाची आहे ती पार्लरमधली. गेममध्ये दगड, गोळी, लाथ, जे काही असेल ते नेहमी आपल्या हातून सुटते. खेळणारा कधीच प्रेक्षक नसतो आणि म्हणून कधीच आरोपीही नसतो. 'काँट्रा'त मेलेल्या शेकडोंचे ओझे कोणावरही नाही. 'फँड्री'चा शेवट प्रेक्षकाला त्याच्या खुर्चीतच लक्ष्य करतो. ज्या पिढीचे बालपण कळ दाबण्यात गेले, तिच्यावर तो दगड अधिक जोराने आदळला असे माझे निरीक्षण आहे. गेमला कला म्हणावे काय, या वादात मला ही मर्यादा महत्त्वाची वाटते. आमच्या वाट्याला आलेल्या खेळांनी कौशल्य दिले, सोबत दिली, भाषा दिली. दुसऱ्याच्या नजरेखाली उभे राहणे त्यांनी दिले नाही. ते चित्रपटाने आणि कादंबरीने दिले.

आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे. तंबूत बायकांसाठी वेगळी बाजू असे, चित्रपटगृहात बाल्कनी. पार्लरमध्ये मुलींसाठी काहीच नव्हते. ज्या घरी यंत्र होते त्या घरच्या मुली खेळत, तेही भाऊ शाळेत असताना. 'लातूर पॅटर्न'ने बारावीच्या गुणवत्ता यादीत मुलींना भरपूर स्थान दिले, शिकवण्यांच्या गल्ल्यांत त्या सायकलीने मोकळेपणाने येत. त्याच गल्लीच्या टोकाला असलेल्या पार्लरच्या पडद्याआड त्यांतली एकही मी पाहिली नाही. त्यामुळे वर मी 'आमची पिढी' म्हणतो तेव्हा तिची अर्धीच बाजू सांगतो आहे.

पुराव्यांचे म्हणाल तर ते झपाट्याने नाहीसे होत आहेत. 'डक हंट'ची बंदूक आजच्या सपाट टीव्हीवर चालतच नाही. तिला जुन्या काचेच्या नळीच्या पडद्याचाच प्रकाश लागतो. म्हणजे खेळ कोणी जतन केला तरी तो खेळण्याचा अनुभव त्या पडद्याबरोबर गेला. चित्रपटासाठी मराठीत अरुण खोपकरांच्या गुरुदत्तवरील पुस्तकासारखे ग्रंथ आहेत, पटकथा, दिग्दर्शन, संकलन अशी परिभाषा आहे. गेमसाठी जी परिभाषा झाली ती मुलांनी केली आणि तिची नोंद कोठेही नाही. आमच्या विद्यापीठांतून लोकसाहित्याचे विद्यार्थी ओव्या, भारुडे, लग्नगीते गोळा करतात; त्यांतल्या एखाद्याने चाळिशी ओलांडलेल्या माणसांकडे जाऊन हेही विचारावे. मी स्वतः काही शब्द टिपून ठेवले आहेत. उरलेल्या प्रयत्नांना 'जान' म्हणत: 'माझ्या दोन जान राहिल्या'. जोडीदाराची उसनी जान घेणे म्हणजे 'जान खाणे'. शेवटचा शत्रू 'बॉस', त्याच्या आधीचा 'छोटा बॉस'. न चालणारी कॅसेट 'बसलेली'. आणि एकच खेळ दोन नावांनी निघाला की 'डबल', या शब्दाचा उच्चार नांदेडला आखूड आणि लातूरला थोडा लांबवून होत असे.